बारा पॉइंट सहा

वहिनींच्या ऑफिसची खोली एवढीशी, आणि दारावरची पाटी मात्र हातभर लांब: ‘व्यवस्थापन माहिती प्रणाली विभाग’. दार अरुंद पडलं म्हणून ‘विभाग’ हा शब्द शेजारच्या भिंतीवर चिकटवावा लागला होता. विभागात माणसं किती? एक. वहिनी. विभागप्रमुख त्याच, कारकून त्याच, आणि टेबल पुसायचं फडकंही त्यांच्याच खणात.

गल्लीत लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कारण घरात त्यांच्या नणंदेचा खणखणीत आवाज दिवसभर तीच हाक मारी, आणि त्या आवाजापुढे दुसरं कुठलं नाव टिकणं शक्यच नव्हतं. नणंदबाईंना वहिनी ‘वन्सं’ म्हणत, म्हणून गल्लीच्याही त्या वन्सं. वयाने तीन वर्षांनी मोठ्या, लग्नाच्या फंदात न पडलेल्या, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवायला सदैव मोकळ्या. घरधनी ट्रक चालवायचे. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर आणि दहा दिवस या दोघींच्या मधे. कुठलं जास्त अवघड, असं कुणी विचारलं की ते किल्ली फिरवत म्हणायचे, “रस्त्यावर निदान ब्रेक तरी लागतो.”

दोघी एकाच कंपनीत कामाला. कंपनी शीतगृहाची. फळं, भाज्या, मासे, औषधं, बाहेरच्या उन्हात जे टिकत नाही ते सगळं इथल्या चार हॉलमधे ठेवायचं. गारवा तयार करणारी मशीनं अमोनिया वायूवर चालत. हा वायू नळीत असेपर्यंत गरीब गाय. बाहेर पडला की डोळे आणि छाती जाळत जातो.

वन्सं हॉल नंबर तीनमधे फळं निवडून पेट्या भरणाऱ्या चाळीस बायकांतल्या एक. वहिनी मात्र वरच्या मजल्यावर, पाटीच्या मागे. एकोणिसाव्या वर्षी त्या पावत्यांवर शिक्के मारायला लागल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं, आणि शेरेबाजी न करता ऐकून घ्यायची सवय. एवढ्या भांडवलावर त्या सत्तावीस वर्षांत वर चढल्या. मधे कंपनी वाढली. मोठे साहेब दुसऱ्या शहरात राहायला गेले. प्रत्येक हॉलात डोकावणं त्यांना जमेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की रोज सकाळी अख्खी कंपनी एका पानावर आपल्याकडे यावी. पानावर बासष्ट चौकोन. कुठे किती माल, कुठे किती गारवा, किती गाड्या सुटल्या, कोण किती मिनिटं जागेवरून उठलं. सगळं ठीक असेल तर चौकोन हिरवा, जरा बिनसलं तर पिवळा, आणि लाल म्हणजे कुणाची तरी खैर नाही.

पान दहाच्या ठोक्याला जायला हवं. ते पाठवून घेण्याची जबाबदारी इथल्या मॅनेजरांची, म्हणून त्यांचं नाव पडलं दहाचे साहेब. नऊ पंचावन्नला ते वहिनींच्या दारात उभे राहून घड्याळाकडे असे बघायचे, जणू घड्याळच पळून जाणार आहे.

सुरुवातीला हे आकडे गोळा करायला वहिनी साडेआठपासून फोन लावत. बासष्ट चौकोन, एकोणीस फोन. हॉल नंबर तीनच्या मागच्या मशीनघरातला फोन मामा उचलायचे. मशीनमामा. त्या घरघराटात तीस वर्षं काढल्यामुळे ते नेहमी ओरडूनच बोलत.

“मामा, दाब?”

“बारा पॉइंट सहा! पण ताई, दोन नंबरच्या मशीनचा आवाज आज मला आवडला नाही!”

“आवाजाला चौकोन नाहीये मामा.”

“नसू दे! तुमच्या कानावर घातलं!”

मग वहिनी वायूच्या दाबाच्या चौकोनात बारा पॉइंट सहा लिहीत, आणि जाता जाता दुरुस्तीवाल्याला सांगून ठेवत की मामांना आवाज आवडलेला नाही. दुरुस्तीवाला शिव्या घालत जायचा, आणि जाऊन काहीतरी आवळून यायचा. पानावर यातलं काहीच दिसत नसे.

एके दिवशी मामा दाढ काढायला गेले आणि फोन कुणी उचलला नाही. दहाला चार मिनिटं कमी. एकसष्ट चौकोन भरलेले, एक पांढरा.

“हे काय?” दहाचे साहेब दारातून म्हणाले.

“मशीनघर उचलत नाही साहेब. रिकामं पाठवू?”

“रिकामं? वेड लागलंय का तुम्हाला? लाल चालेल एक वेळ, लाल समजावता येतं. पांढऱ्याचं काय सांगू मी त्यांना? की आम्हाला माहीत नाही?”

वहिनींनी कालचा आकडा टाकला. बारा पॉइंट सहा. चौकोन हिरवा झाला, पान गेलं. दिवसभर त्या मधूनमधून मशीनघराचा फोन लावत राहिल्या. संध्याकाळी मामा सुजलेला गाल घेऊन आले, त्यांनी काटा पाहिला, बारा पॉइंट पाच. काही झालं नव्हतं. काहीच झालं नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. काही झालं असतं तर वहिनींनी पुन्हा तसं केलं नसतं.

पुढे पुढे कुणी सुट्टीवर, कुणी कामात, कुणाचा फोन बंद. कालचा टाकला. परवाचा टाकला. फारच एकसारखं दिसायला लागलं तर दशांशात इकडेतिकडे. स्वयंपाकात मीठ टाकतात तितक्या सहज.

आणि मग कंपनीने नवी प्रणाली बसवायला एक कॉम्प्युटरवाला आणला. गोड माणूस. आपण होऊन सगळ्यांना भाऊ म्हणायला लावणारा. तो वहिनींशेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्यांच्या कामाची एकेक पायरी लिहून घेऊ लागला.

“आणि ताई, आकडा आलाच नाही तर काय करता?”

वहिनी हसल्या. कौतुकाने कुणी विचारत नव्हतं ना इतकी वर्षं! “कालचा टाकते.”

“झकास!” भाऊंनी लिहून घेतलं.

महिन्याभरात फोन बंद झाले. प्रत्येकाने आपल्या जागेवरच्या पडद्यावर आकडा भरायचा. साडेनऊपर्यंत भरला नाही तर प्रणाली आपसूक कालचा उचलणार. रोज दहाला पान तयार. वहिनींना फक्त बटण दाबायचं. कंपनीच्या कार्यक्रमात भाऊंना पुष्पगुच्छ मिळाला, वहिनींना भिंतीवरचं घड्याळ. वहिनींना सकाळची शांतता आधी बरी वाटली. नंतर नंतर त्या उगीचच फोन उचलून बघायच्या, तो चालू आहे का म्हणून.

मामांना पडद्यावर बोटं चालवणं जमेना. चष्मा सापडेपर्यंत साडेनऊ होत. तेव्हा मशीनघराचा आकडा प्रणालीच भरू लागली, आणि तो इतका सरळ, इतका गुणी दिसू लागला, की मोठ्या साहेबांच्या नजरेत भरला. वर्षभर हलला नाही! जिथे काहीच घडत नाही, तिथे तीस वर्षांचा अनुभवी माणूस कशाला बसवायचा? पानाच्याच आधारे मशीनघराला ‘सर्वांत स्थिर विभाग’ म्हणून चषक मिळाला आणि त्याच महिन्यात मामांना फाटकावर पहारेकरी म्हणून नेमलं. मशीनघराला कुलूप लागलं, कार्डाने उघडणारं. आता आकडा भरणारं तिथे कुणीच नव्हतं. आकडा मात्र रोज येत होता.

त्या सुमाराला घरात वेगळीच लढाई चालू होती. पानावर चौतिसावा चौकोन होता ‘जागा सोडलेली मिनिटं’. हॉल नंबर तीनचा तो लाल आला, आणि बायकांची चारची चहाची सुट्टी गेली. वन्सं घरी आल्या त्या चपलांसकट स्वयंपाकघरात.

“आमची मिनिटं तू मोजलीस?”

“मी फक्त आकडे भरते हो वन्सं.”

“हो का? मग मीही फक्त तोंड बंद ठेवते.”

ठेवलंच. चौदा महिने. एका घरात, एका ओट्यावर, एका बसने जाऊन येऊन. अगदीच काही सांगायचं असेल तर घरातल्या मांजराला सांगायचं, दुसरीला ऐकू जाईल अशा बेताने. ते मांजर गल्लीतलं सर्वांत जाणकार मांजर झालं होतं. गॅस संपत आलाय, दादा शुक्रवारी येतोय, कुणीतरी टाकीचं झाकण उघडं ठेवलंय, सगळं त्याला आधी कळे. घरधनी यायचे तेव्हा तेही सवयीने मांजराकडे बघून जेवायला मागायचे.

एका संध्याकाळी वन्सं डोळ्यांना ओला पदर लावून बसल्या आणि मांजराला म्हणाल्या, “बाई, दोन दिवस झाले डोळे चुरचुरतात. हॉलमधे उग्र वास येतो. मुकादमीण म्हणते, वर पानावर सगळं छान आहे. असेल बाई. पानाला नाक कुठे असतं?”

वहिनी भांडी आवरत होत्या. त्याही मांजराकडे वळल्या. “दाब बारा पॉइंट सहा आहे म्हणावं. पंधरापर्यंत भीती नसते.”

“काल किती होता, विचार.”

“बारा पॉइंट सहा.”

“आणि परवा?”

वहिनी हातातलं पातेलं खाली ठेवून बोटांवर मागचे दिवस मोजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला त्यांनी मागची पानं काढली. काल, परवा, तेरवा. महिना. दोन महिने. बारा पॉइंट सहा, बारा पॉइंट सहा. उन्हाळा येऊन गेला होता, एक मशीन मधे चार दिवस बंद होतं, माल दुप्पट झाला होता, आणि दाब केसभर हलला नव्हता. मेलेल्या माणसाची नाडी निदान लागत तरी नाही. ही लागत होती, आणि रोज तेवढीच.

त्या खाली फाटकावर गेल्या. मामा एका गाडीचा नंबर लिहून घेत होते.

“मामा, मशीनघरात शेवटचं कोण गेलं होतं?”

“मीच की! डबा आणायला! दोन महिने होतील!” मामांनी ओरडणं सोडलं नव्हतं. वहिनींचा चेहरा पाहून मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली तो कुणी ऐकलाच नव्हता. “का हो ताई? कुणी येत नाही का तिथे?”

“चला माझ्याबरोबर.”

“माझं कार्ड चालत नाही आता. तुमचं चालेल. आकडेवाल्यांचं सगळीकडे चालतं.” मग त्यांनी वहिनींचं मनगट धरलं. “काटा लाल पट्ट्यात दिसला तर कशाला हात लावायचा नाही. शहाणपणा करायचा नाही. वळायचं आणि पळायचं. मी दुरुस्तीवाल्याला गाठतो.”

नऊ एक्केचाळीसला कार्ड लागलं, दार उघडलं. आत आधी वास आला. मग डोळ्यांतून पाणी. दोन नंबरचं मशीन अंग घुसळत होतं, त्याच्याखाली तेलाचं थारोळं साचलं होतं, आणि त्या थारोळ्यावर बारीक बुडबुडे येऊन फुटत होते. भिंतीवरचा गोल काटा लाल पट्ट्याच्या पार टोकाला टेकून थरथरत होता. त्याच्या बाजूलाच छोटा पडदा होता, त्यावर हिरव्या अक्षरांत: १२.६.

वहिनी वळल्या आणि पळाल्या. सेहेचाळीस वर्षांची बाई, साडी नेसलेली, लोखंडी जिन्यावरून पळाली, एवढंच म्हणू. हसणाऱ्यांनी नंतर हसावं.

हॉल नंबर तीनमधे चाळीस बायका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना. “बाहेर चला! सगळ्या बाहेर!”

कुणी हललं नाही. मुकादमीण आडवी आली. “काय झालं? वरून निरोप आहे का?”

“मी वरूनच आलेय.”

“लेखी द्या. जागा सोडली की मिनिटं लागतात. तुम्हीच लावता ना?”

बायका वहिनींकडे बघत होत्या. त्या बघण्यात चौदा महिन्यांचा न मिळालेला चहा होता. वहिनी पट्ट्याला वळसा घालून थेट वन्सांपाशी गेल्या. मांजर इथे नव्हतं.

“वन्सं, उठा.”

वन्सं पेटीत फळ ठेवत राहिल्या. “पानावर तर सगळं छान आहे ना?”

“पान खोटं आहे. मीच भरलंय ते खोटं. तुमच्या पाया पडते, उठा.”

वन्सांनी मान वर केली. भावजयीच्या लाल डोळ्यांकडे क्षणभर पाहिलं आणि हातातलं फळ पट्ट्यावर टाकून दिलं. मग तो खणखणीत आवाज हॉलभर घुमला, “अगं उठा गं भवान्यांनो! बघताय काय? लावू देत मिनिटं! माझ्या नावावर लावा सगळी!”

चाळीसच्या चाळीस निघाल्या. अंगणाच्या पार टोकाला, वाऱ्याच्या उलट बाजूला, मामा हात हलवून बोलावत होते. दहा वाजून सहा मिनिटांनी मशीनघराच्या बाजूने आवाज आला, जाड कापड फाटल्यासारखा, आणि पांढरा धूर जमिनीलगत सरकत हॉलच्या दारातून आत शिरला. मुकादमीण तेवढ्यात हजेरीचं यंत्र आणायला परत गेली होती. उठलेल्यांच्या वेळा त्यात होत्या. तिला ओढून काढलं तेव्हा तिला खोकताही येत नव्हतं.

नवव्या दिवशी चौकशी बसली. मुकादमीण अजून रुग्णालयात होती, नळीने श्वास घेत. लांब टेबलाच्या पलीकडे तिघं: मोठ्या साहेबांनी पाठवलेले एक कोट घातलेले गृहस्थ, दहाचे साहेब आणि भाऊ. अलीकडे एक खुर्ची, वहिनींसाठी.

कोटवाल्यांनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. बोलणं अगदी मऊ. “ताई, हा दाबाचा आकडा. चौदा महिने स्थिर, त्या दिवशी साडेनऊलाही बारा पॉइंट सहा. ही दाराची नोंद. नऊ एक्केचाळीस, तुमचं कार्ड. दोन महिन्यांत तिथे गेलेलं एकमेव माणूस. आणि ही गळतीची वेळ, दहा सहा. मशीन उत्तम चाललं होतं. मग तुम्ही आत गेलात. आत काय केलंत?”

वहिनींना आधी हसूच आलं. मग टेबलावरचे कागद त्यांनी पुन्हा पाहिले. कागदांत कुठे चूक नव्हती. त्या स्वतः पलीकडे बसल्या असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

सुटायला वाट एकच होती, आणि तीही त्यांच्यावरूनच जात होती.

“आकडा खरा नव्हता,” त्या म्हणाल्या. “तिथे माणूसच नव्हतं. प्रणाली रोज कालचा उचलत होती. तिला ते मी शिकवलं. त्याआधी मी हाताने तेच करत होते.”

दहाचे साहेब खिडकीतून बाहेर बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो त्यांना लपवताही आला नाही. कोटवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं. “म्हणजे खोटे आकडे भरल्याचं तुम्ही कबूल करता.”

“करते. लिहा. सही करते.” वहिनींनी कागद स्वतःकडे ओढला, सही केली, ते मोत्यासारखं अक्षर जराही हललं नाही. “आता मी एक विचारू? बासष्ट चौकोन आहेत. त्यातले माणसांनी बघून भरलेले किती, आणि प्रणालीने उचललेले किती?”

कोटवाल्यांनी भाऊंकडे पाहिलं. “यादी काढा.”

भाऊंनी घसा साफ केला. “तशी... तशी खूण ठेवलेली नाही. एकदा चौकोनात आला की आकडा तो आकडाच. कुठून आला ते प्रणालीला आठवत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे सांगता येणार नाही, सर.”

खाली अंगणात गाड्या लागल्या होत्या, माल चढत होता. हॉल नंबर तीनला पट्ट्या मारून बंद केलं होतं, पण फळं थांबत नाहीत. चाळीस बायकांना कालपासून हॉल नंबर एकमधे बसवलं होतं. एकच्या मागे वेगळं मशीनघर, वेगळं कुलूप. टेबलावर आजचं पान पडलं होतं. वहिनींनी ते उलटं असतानाच वाचलं, सवयच ती. एक नंबरचा दाब: अकरा पॉइंट आठ. हिरवा.

“काल किती होता हा?” त्यांनी विचारलं.

भाऊंनी पडद्यावर बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं.

“एक नंबरला आत जाऊन कुणी काटा बघितलाय का? या नऊ दिवसांत?”

“ताई, विषय तुमचा चाललाय,” दहाचे साहेब म्हणाले. “बसा.”

वहिनी उठल्या. कार्ड त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं, त्यामुळे एक नंबरचं दार त्यांना उघडणार नव्हतं. पण हॉलला कुलूप नसतं. मागून कोटवाले काहीतरी म्हणाले, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वहिनी तोवर जिन्यावर होत्या, आणि तिथूनच त्यांनी हाक मारायला सुरुवात केली, “वन्सं! अहो वन्सं!”